पोळ्याच्या दिवशी जुंपलेली गाडी

आधीच सांगून ठेवते — मी भोळी बाई नाही. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय मी पातेलं पुढं करत नाही, आणि अंगारा घेऊन आलेल्या बाबा-बुवांना मी आजवर दारातूनच चहा पाजून वाटेला लावलंय. भूत, चकवा, अंगात येणं… असलं कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारते, तू स्वतः बघितलंस का? उत्तर ठरलेलं — मी नाही, माझ्या मेव्हण्याच्या मित्रानं. माझी नात पूजा तुमच्या ग्रुपवरचे अमानवीय अनुभव मला वाचून दाखवते, तेव्हा त्यातल्या खोट्या जागा मी तिला बरोबर बोट ठेवून दाखवते. परवा ती वैतागली. म्हणाली, आजी, तुझ्या आयुष्यात असं एकही नाही का, जिथं तुलाच बोट ठेवता येत नाही? म्हटलं, आहे. एकच आहे. घे टाइप करून.

साल अठ्ठेचाळीस. आपल्याकडं अजून निजामाचं राज्य होतं. तुम्ही आज धाराशिव म्हणता, आम्ही उस्मानाबाद म्हणायचो. माझं माहेर तेर. माहेर म्हणजे मामाचं घर. मी दोन वर्षांची असताना वडील गेले, आणि आई मला घेऊन भावाकडं आली. किसनमामांची बायको बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. थोडं शेत होतं, आणि तेरच्या छोट्या रेल्वेच्या ठेसनातून बैलगाडीनं माल वाहायचे. मला मांडीवर घेऊन गाडी हाकायचे, असं आई सांगायची. लग्नातही कन्यादान त्यांनीच केलं. मला बापाची आठवण नाही आणि खरं सांगायचं तर उणीवही नाही, ती मामांमुळं.

सासर कळंबकडं. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून आमची माणसं नांदतायत. तेरपासून गाडीवाटेनं दिवसभराचा रस्ता. घरात सासू, सासरे, मालक आणि मी. मला दिवस गेले, आणि त्याच वर्षी गडबड वाढली. गावोगाव धरपकड चालली होती, म्हणून तरणी माणसं हद्द ओलांडून पलीकडं बार्शीला जाऊन राहिली. तिथं निजामाचा अंमल नव्हता. आमचे मालकही गेले. मला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि न्यायला माहेरचं माणूस मुराळी म्हणून येणार, हा रिवाज. मी रोज वाटेकडं डोळे लावून बसायची. मामा आले नाहीत. निरोप एवढाच आला, की ते रेल्वेनं माल घेऊन बार्शीला गेले आणि हद्द बंद झाली, तिथंच अडकले. आठवा महिना लागला. आठव्यात पोटुशीला हलवत नाहीत, म्हणून तो विषयच संपला. मला रडू यायचं, पण सासूबाईंपुढं रडायची सोय नव्हती.

नववा लागला आणि पोळा आला.

आता शहरातल्या पोरांसाठी सांगते. पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. काही झालं तरी ठेवत नाही. वर्षभर राबतो बिचारा, त्या दिवशी त्याला न्हाऊ घालायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची. त्यात पोळा अमावास्येला, आणि अमावास्येला गरवार बाईला घराबाहेर काढत नाहीत. म्हणजे त्या दिवशी गाडी जुंपून पोटुशीला न्यायला येणं… आमच्यातला एकही माणूस असं करणार नाही. एकही नाही.

आणि त्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या वेळेला, मामा गाडी घेऊन दारात उभे.

सासरे बैल धुवायला ओढ्यावर गेले होते. घरात आम्ही दोघीच. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला. मी चुलीपुढनं उठून दाराच्या आडून बघितलं. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते, पण मामाच होते. मी आनंदानं पुढं होणार, तेवढ्यात माझी नजर बैलांवर गेली. ते आमचे नव्हते. आमचा एक पांढरा होता, एक तांबडा. हे दोन्ही करडे. आणि त्यांच्या शिंगांना रंग नाही, अंगावर झूल नाही, गळ्यात घुंगरू नाही… पोळ्याच्या दिवशी! मला चमकल्यासारखं झालं. वाटलं, कुणाचे आणले? आणि त्यांनी ते दिले कसे?

सासूबाईंनाही पटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आज अमावास्या, आज कशी पाठवू? आणि हे घरात नाहीत, मी कुणाला विचारू? उद्या न्या. मामा एरवी दहा वाक्यं बोलल्याशिवाय थांबायचे नाहीत, गाडीत बसलेल्या माणसाचं डोकं खायचे. त्या दिवशी एकच बोलले.

“बाई, आज न्हाय नेली तर मग नेणं व्हायचं न्हाय.”

सासूबाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे. आत आल्या आणि माझं गाठोडं बांधायला लागल्या. नवऱ्याला न विचारता त्यांनी आयुष्यात केलेली ही एकच गोष्ट असेल.

गाडीत कडबा पसरून वर वाकळ घातलेली होती. चढताना मामांनी हात दिला. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं — माझ्या लहानपणी चाकाखाली सापडून दुभंगलं होतं ते. हे मी मुद्दाम सांगते. कारण पुढं मला माझाच संशय यायला लागला तेव्हा मी दर वेळी त्या नखाशी येऊन थांबले. सोंग घेणारा दाढी वाढवेल, आवाज काढेल. ते नख कुठून आणेल?

ढोकीच्या रस्त्यावर तेव्हा चौकी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती व्हायची. मामांनी तो रस्ता सोडला आणि बांधाबांधानं गाडी घातली. काळी माती, त्यात पावसाळा. एका ठिकाणी चाक रुतलं. मामा खाली उतरले, चाकाला खांदा लावला, धोतर मांडीपर्यंत चिखलानं भरलं, आणि बैलांना शिव्या हासडून गाडी बाहेर काढली. पूजा म्हणते, आजी, भूत असेल. मी विचारते, भुताचं धोतर चिखलानं भरतं का गं? मी त्याच्या घामाचा वास घेतलाय. वाटेत दोनदाच बोलले. एकदा म्हणाले, “पोटाला धर, पुढं ओढा हाय.” आणि एकदा मी विचारलं, मामा, बार्शीहून कसे सुटलात? तर म्हणाले, “सुटलो.” बस्स.

मला तेव्हाही ते खटकलं. मामांनी कधी मला असं तोडून उत्तर दिलं नव्हतं. वाटलं, रागावलेत काय माझ्यावर? मी काय केलंय? पण गाडीच्या हिसक्यानं कळ येईल या भीतीनं मी पोट धरून बसले.

दिवस मावळायच्या आत तेरला आलो. तेरणेच्या काठाला, गावाच्या अलीकडं त्यांनी गाडी थांबवली, मला उतरवून घेतलं. घर तिथनं दिसत होतं. म्हणाले, तू हो पुढं, मी बैलांना पाणी दाखवून येतो. मी गाठोडं घेऊन हळूहळू घरी आले.

आई ओट्यावरच होती. मला बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. कुणाबरोबर आलीस? म्हटलं, मामांबरोबर, येतायत मागनं. आईचा चेहरा उतरला. म्हणाली, तुझा मामा दीड महिना झाला बार्शीला अडकलाय, त्याची काही खबर नाही. मी तिला ओढत नदीकडं नेलं. काठावर कुणी नव्हतं. चिखलात चाकाच्या चाकोऱ्या मात्र होत्या… पण तिथं रोज गाड्या येतात पाण्याला, त्याचं काय प्रूफ धरायचं? परत आलो तर गोठ्यात आमचे दोन्ही बैल उभे, शिंगं रंगवलेली. आईनं स्वतः त्यांना दुपारी पोळी चारली होती.

आईनं दार लावून घेतलं आणि मला खोदून खोदून विचारलं. कोण होता? सासरी काही झालं का? पळून आलीस का? मी शपथेवर सांगितलं, मामाच होते. तिनं शेवटी एवढंच म्हटलं, कुणी विचारलं तर हेच सांग, याच्यापुढं एक शब्द नको. माझ्या आईचा माझ्यावर विश्वास बसला नाही, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. फार लागलं मला ते.

चारच दिवसांनी सासरच्या गावावर निजामाच्या माणसांची धाड आली. सगळं गाव घरं सोडून पिकात जाऊन लपलं. आठ दिवस पावसात, चिखलात. आमच्या आळीतली एक पोटुशी तिथंच बाळंत झाली आणि गेली. तिचाही नववाच होता.

मग थोड्याच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. हद्द खुली झाली आणि मामा घरी आले… पायाला कामट्या बांधलेल्या, दोघांच्या खांद्यावर हात टाकून. बार्शीच्या अडत्याकडं पोत्यांची थप्पी अंगावर आली होती म्हणे. मी बाळंतीण झाले होते, मुलगी झाली होती. आई मामांना आतल्या घरात घेऊन गेली आणि बराच वेळ दोघं हळू आवाजात बोलत होती. मला वाटलं, दुखण्याचं बोलत असतील. मामा बाहेर आले, पोरीला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, नाक माझ्यावर गेलंय.

पोर झाली तरी सासरचं कुणी फिरकलं नाही. बारशाच्या दिवशी आले, ते सासू, सासरे आणि मालक, तिघंही. पाळणा बांधलेला, आळीतल्या बाया जमलेल्या. सासरे पाळण्याकडं गेलेच नाहीत. पगडी न काढता उभ्यानंच म्हणाले, आधी एक उलगडा पाहिजे. आमची बाई म्हणते, पोळ्याला सुनेला मामा घेऊन गेले. आमचा मुलगा म्हणतो, पोळ्याला मी बार्शीत मामांच्या खाटंजवळ बसलो होतो, त्यांचा पाय बांधलेला होता.

“आणि पोळ्याला गाडी कोण जुंपतं हो? मग आमची सून कुणाबरोबर गेली, ते सांगा. न्हायतर आम्ही आल्या पावली जातो. ती आणि तिची पोर राहू द्या हितंच.”

मी मालकांकडं बघितलं, ते खाली बघत होते. ते खोटं बोलणाऱ्यातले नव्हते, हे मला माहीत होतं, आणि तीच तर भीती होती. बारा दिवसांची पोर पदराखाली, आणि चार गावांत बोभाटा होणार — किसनची भाची पोळ्याच्या दिवशी परक्याबरोबर गेली. टाकलेली बाई म्हणून जन्म काढायचा, आणि पोरीचं लग्न कोण करणार?

मामा घोंगडीवर पाय लांब करून बसले होते. त्यांनी आईला सांगितलं, देव्हाऱ्यातला बेलभंडारा आण. आई जागची हलेना. मग परत सांगितलं, आण म्हटलं न्हवं. आमचं कुलदैवत खंडोबा. मामा दर वर्षी अणदूरच्या जत्रेला पायी जायचे, त्यांच्यासाठी बेल आणि हळद हातात घेऊन बोलणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आईनं ताटलीत आणलं. मामांनी ते उजव्या हातात घेतलं.

“पोळ्याच्या दिवशी, गाडी जुंपून, म्याच आणली पोरीला. खोटं असंल तर खंडेराव बघून घेईल.”

मग शांतपणे बाकीचं सांगितलं. बार्शीकडच्या एका माणसाची गाडी-बैलं मागून घेतली. आपलं नाव इथं चौकीवर लागलेलं होतं, म्हणून गावात पाय न ठेवता पोरीला काठावर सोडून मागं फिरलो. पाय मोडला तो परत गेल्यावर. आणि मालकांकडं वळून म्हणाले, जावईबापू, तुम्ही आलात ते पोळ्यानंतर तीन-चार दिवसांनी. तुमचा दिवस चुकला.

सगळे मालकांकडं बघायला लागले. त्यांनी मान वर केली, मामांच्या हातातल्या भंडाऱ्याकडं बघितलं.

“असंल,” ते म्हणाले. “माझाच दिवस चुकला.”

सासऱ्यांनी पगडी काढली आणि खाली बसले. बारसं झालं. सव्वा महिन्यानं मी सासरी गेले आणि सत्तर वर्षं तिथं नांदले.

तुम्ही म्हणाल, मग यात अमानवीय काय? हेच तर. मलाही तेव्हा काहीच वाटलं नाही! मामांच्या बोलण्यानं सगळं जुळलं होतं — परके बैल, काठावरनं परत जाणं, ते तुटक बोलणं. मला लॉजिक मिळालं आणि मी ते गाठीला बांधून बसले. फक्त एक खटकत राहिलं. त्या वर्षापासून मामा अणदूरला गेले नाहीत. आधी वाटलं, पायामुळं. पण पाय बरा झाला, शेतात जायला लागले, तुळजापूरला जाऊन आले. अणदूर नाही. घरात खंडोबाची तळी भरायची असली की ती आई भरायची, मामा तेवढ्या वेळापुरते बाहेर जाऊन बसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, तिथं माझं काही काम न्हाय आता. माझ्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला, आणि मी तो दाबून टाकला. का दाबला? कारण उत्तराची भीती वाटत होती, दुसरं काय.

अशी तीसेक वर्षं गेली. आई गेली, सासू-सासरे गेले. मामा शेवटच्या दुखण्यात पडले, म्हणून मी तेरला राहायला गेले. एके दुपारी त्यांना पेज भरवत होते. घरात आम्ही दोघंच. त्यांनी दोन घोट घेतले आणि माझा हात धरला.

“शेवंते, आता तरी सांग. कोण होता?”

मला समजलंच नाही. म्हटलं, कोण, कुठं? म्हणाले, पोळ्याला तुला घेऊन आलेला. रागावत न्हाय मी. चांगला माणूस असंल, धडपणी आणून पोचवलं त्यानं. निस्तं नाव सांग.

माझ्या हातातली वाटी कलंडली. म्हटलं, मामा, तुम्हीच की. तुम्ही होता. त्यांनी मान हलवली. म्हणाले, म्या बार्शीत पडून होतो पोरी. पोळ्याला पाय मोडून सतरा दिवस झाले होते. कूस बदलायला माणूस लागायचं. जावई खरंच बोलत होते.

मग मी सगळं सांगितलं, घाईघाईनं, पोरीसारखं रडत. करडे बैल, चिखलानं भरलेलं धोतर, ओढा, नख. त्यांचा डावा हात उचलून ते नख त्यांनाच दाखवलं. आणि बोलता बोलता मला कळलं की हे अणदूरला का गेले नाहीत. माझ्यासाठी या माणसानं देवाची खोटी शपथ घेतली होती. म्हणजे, खोटी समजून घेतली होती! तीस वर्षं तो आपल्या देवाला तोंड दाखवत नव्हता. आणि एवढं करून त्याला वाटत होतं की मी खरोखरच कुणा परक्याबरोबर आले.

म्हटलं, मामा, तुमची शपथ खरी होती. तुम्ही खोटं बोललाच नाहीत.

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. लहानपणी माझा खोटेपणा पकडला की बघायचे, तसंच.

“बरं,” म्हणाले. “मीच होतो मग.”

आणि माझ्या हातावर थोपटलं. पेज घेतली नाही. आठव्या दिवशी गेले.

घरी आल्यावर मी मालकांना गाठलं. खरं सांगा, मामांकडं कधी गेला होता? ते म्हणाले, पोळ्यालाच. खानावळीतली पुरणपोळी घेऊन गेलो होतो त्यांच्यासाठी, पोळ्यानंतर चौथ्या दिवशी कोण देणार होतं पुरणपोळी? मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, मामांनी भंडारा उचलल्यावर मी काय बोलू? आणि तुला सोडून यायचं नव्हतं मला. मग मी विचारलं, आणि मी कुणाबरोबर आले असं वाटलं तुम्हाला? त्यावर ते उठून बाहेर गेले. पुढं मरेपर्यंत आमच्यात हा विषय निघाला नाही.

पूजा विचारते, आजी, मग गाडीवर कोण होतं? मी सगळ्या बाजूंनी बघितलंय बाई. तोतया म्हणावा तर नख. भूत म्हणावं तर मामा बार्शीत जिवंत. भास म्हणावा तर सासूबाईंनी गूळ-पाणी दिलं, आणि मी नऊ महिन्यांची पोटुशी चालत तर आले नाही तेरला. मला नाही सांगता येत. तुमच्यात कुणाला येत असेल तर सांगा, मी ऐकते… पटेल असं नाही.

पण कोण होता, याची टोचणी मला आता राहिलेली नाही. टोचतं ते एकच. खोट्या शपथेचं ओझं घेऊन माझा मामा गेला, आणि ती खरी होती हे मला त्याला पटवता आलं नाही. मी खोटं बोलतेय, असंच त्याला शेवटपर्यंत वाटलं. तरी माझा हात त्यानं सोडला नव्हता.